तीन शब्द आणि चार ओळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला आज चार शब्द बोलावयास सांगितले आहे. चार शब्द म्हटले की माझ्या मनात लगेच येते, तीनच द्या, चौथा कशाला! कारण गेली दोन वर्षे आपण मंडळात जो खेळ खेळतो तो तीन शब्दांचाच आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सातवीनंतर शाळेची पिशवी खुंटीला अडकविली ती कायमचीच. तेव्हा व्याख्यान देण्याची माझी योग्यता नाही. परंतु हा खेळ कसा सुरू झाला, कसा खेळावयाचा आणि त्याने आपल्याला काय दिले, हे सांगण्याइतके मला नक्की ठाऊक आहे. तेवढेच सांगते.

दर संक्रांतीला आपल्याकडे हळदीकुंकू होते आणि उखाण्यांची स्पर्धा होते. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत काय गंमत झाली ती पुष्कळांना आठवत असेल. पहिली बाई उठली, तिने छान नाव घेतले. तिसऱ्या बाईने तोच उखाणा म्हटला, फक्त यजमानांचे नाव बदलले. सातवीनेही तोच! तिघींनी एकाच मोबाईलवरून तो उतरवून घेतला होता. आपण हसलो, तिघींनाही हसू आले. पण घरी जाताना माझ्या मनात आले, बाई, आपल्या आयांना, आज्यांना दारात अडविले की उभ्या उभ्या नाव सुचायचे. आपण काय नुसते उतरवून घेणाऱ्या झालो?

उखाणा म्हणजे तरी काय? नवऱ्याचे नाव बाईने घ्यावयाचे नाही अशी रीत होती. मग लग्नात, डोहाळजेवणात, उंबऱ्यावर अडवून बाकीच्या बाया तिला नाव घ्यायला लावीत. नाव उघड घ्यायचे तर संकोच, म्हणून ते दोन ओळींच्या पदरात झाकून घ्यायचे. ‘उखाणा’ शब्दाचा जुना अर्थ कोडे असाही आहे. आपल्या वऱ्हाडात भुलाबाईच्या दिवसांत पोरी गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायला लावतात, तीही कोड्याचीच जात. मुद्दा असा की अडवणूक झाली की बाईची बुद्धी चालते. कोणी म्हटले, ‘कर बाई काहीतरी कविता,’ तर काही सुचणार नाही. पण म्हटले, ‘उंबरा, भाकर आणि नवऱ्याचे नाव, एवढ्यातून कर,’ तर सुचते.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिने मला सांगितले की ही युक्ती जुनी आहे आणि मोठमोठ्या लोकांची आहे. आपल्याकडे तिला समस्यापूर्ती म्हणतात. कवीला एक ओळ द्यायची आणि बाकीच्या ओळी त्याने अशा जुळवायच्या की दिलेली ओळ तेथे बरोबर बसावी. फ्रान्स देशातही सतराव्या शतकात असा खेळ निघाला होता. तेथे यमकाचे शब्द आधी देत आणि त्यांवरून कविता रचावयास लावीत. मी तिला म्हटले, ‘दरबारातल्यांना जमते ते आपल्या ओट्यावर का जमू नये?’

मग त्या श्रावणात एका दुपारी सारखा पाऊस लागला होता. वावरातले निंदण थांबलेले, बाया घरीच. आम्ही अकराजणी मंडळाच्या खोलीत बसलो आणि खेळ मांडला. त्याची रीत अशी.

प्रत्येकीने चिठ्ठ्या लिहावयाच्या. काहींत घरातला शब्द, काहींत बाहेरचा. सराटा, गंज, पाटा, उशी हे घरातले. डवरा, पऱ्हाटी, बस, पाऊस हे बाहेरचे. सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून हलवावयाच्या आणि एकेकीने तीन उचलावयाच्या. मग गॅसवर चहाचे आधण ठेवावयाचे. चहा होईपर्यंत तीनही शब्द आणून चार ओळी तयार झाल्या पाहिजेत. जिला लिहिता येत नाही तिने शेजारणीच्या कानात सांगावे, ती उतरवील. जिच्या ओळी झाल्या नाहीत तिने कपबशा धुवाव्या.

पहिल्या दिवशी कपबशा मीच धुतल्या! मला ‘चष्मा’, ‘कापूस’ आणि ‘गंज’ असे शब्द आले. मी ‘चष्मा’ ओळीच्या शेवटी ठेवला आणि त्याला जोड शोधत बसले. चष्म्याला जोड काही मिळेना, चहा मात्र उतू गेला. रात्री भांडी घासताना माझ्या ध्यानात आले की अवघड शब्द ओळीच्या शेवटी कशाला ठेवावा? त्याला सुरुवातीला किंवा मध्ये बसवावा आणि शेवटी सोपा शब्द घ्यावा. दुसऱ्या बैठकीला मी हे म्हटले,

चष्मा शोधता शोधता गेली सारी सकाळ,
कापसाचा ढीग उपसला, ढवळली गंजातली डाळ;
सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, हात तर लाव वर,
दोन डोळे ठेवलेत तुझे तुझ्याच डोक्यावर.

यात काही काव्य आहे असे माझे म्हणणे नाही. पण त्या दिवशी अकराजणी पोट धरून हसल्या आणि सासूबाई तर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

खेळता खेळता आणखी काही गोष्टी कळल्या. एक तर चौथी ओळ आधी सुचवावी आणि मग तिच्याकडे चालत जावे. बाजारला निघताना काय आणावयाचे ते आधी ठरवितो, तसेच. दुसरे, ओळ मनात न ठेवता मोठ्याने म्हणून पाहावी. जिभेला अडखळली तर एखादा शब्द कमी करावा. तिसरे, जे पाहिले आहे तेच आणावे. आपल्या उखाण्यांत चांदीची भांडी फार, आणि आपल्या घरात असतो स्टीलचा गंज. गंजच आणावा. आपल्या एका भगिनीला ‘मोबाईल’, ‘पाऊस’ आणि ‘संत्रा’ असे शब्द आले होते. मोर्शी-वरुडकडची आपण माणसे, संत्रा सांगायला पुस्तक कशाला उघडावे लागते? तिने म्हटले,

मोबाईल म्हणाला ऊन आहे, मी वाळत घातले पापड,
घटकेत आला पाऊस, डोईवर घेतले कापड;
संत्र्याच्या बागेतून मामंजी आले हसत,
मुंग्यांना पाऊस कळतो, त्या मोबाईल पाहत नाही बसत.

आणि चौथी गोष्ट नियमाची. एकदा एकीने गैरहजर असलेल्या बाईवर ओळी केल्या. ओळी चटकदार होत्या, आम्ही हसलो, मीही हसले. संध्याकाळपर्यंत त्या तिच्या कानावर गेल्या आणि ती महिनाभर मंडळात आली नाही. तेव्हापासून नियम केला की हसावयाचे ते स्वतःला, नाहीतर समोर बसलेलीला, तेही तिला विचारून. पाठीमागे हसणे म्हणजे कविता नव्हे, चुगली.

आपल्या सगळ्यांच्या आजीबाई या खेळात कशा आल्या तेही सांगते. त्या पहिले काही दिवस दाराशी बसून नुसत्या ऐकत. मी म्हटले, ‘आजी, तुम्ही पण उचला न चिठ्ठी.’ त्या म्हणाल्या, ‘मले काय येते वं माय, म्या कधी पाटी धरली नाही.’ मी बळेच तीन चिठ्ठ्या उचलून वाचून दाखविल्या. ‘जाते’, ‘पेन’ आणि ‘बस’. चहाला आधण यायच्या आत आजी म्हणाल्या,

जात्यावर म्या गायली तवा पेन नोहतं हाती,
पिठासंगं उडून गेली गाणी राती राती;
आता लिहून घे वं पोरी, बस याच्या आधी,
मंग म्हणशीन, बुढीनं सांगितलं नाही कधी.

त्या दिवशी मी पहिल्यांदा वही आणली. तोवर आम्ही चिठ्ठ्यांच्या पाठीमागे लिहीत होतो आणि त्या केरात जात होत्या.

आता मी ज्यासाठी उभी राहिले आहे ते सांगते. हे सांगावे की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, ‘सांग, माह्यं नाव नको घेऊ म्हणजे झालं.’ तेव्हा नाव घेत नाही. नाते मात्र सांगते. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई.

भाऊजींना जाऊन नऊ वर्षे झाली. आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांच्या अंगणात शेवगा आहे, त्याच्या शेंगा अवघी आळी नेते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे तीळ त्या भाजीत, लाडू त्या वळीत, सतरंज्या त्या घालीत. आणि कार्यक्रम सुरू झाला की हात पुसून मागच्या दाराने घरी जात. उखाण्यांची स्पर्धा त्यांनी नऊ वर्षांत भिंतीपलीकडून ऐकली. मी दर संक्रांतीला घरोघर बोलावणे द्यायला जाई. माझ्या दारातून निघाले की पहिले दार त्यांचेच. ते ओलांडून मी पुढच्या घरी जात असे. वाईट हेतूने नाही. रीत म्हणून. पण पाय माझेच होते ना!

तीन शब्दांचा खेळ सुरू झाला तेव्हा जाऊबाई आपणहून येऊन बसल्या. यात नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नव्हते, म्हणून त्यांना बसता आले. खेळ काढताना हा विचार माझ्या डोक्यात होता असे म्हणेन तर ते खोटे होईल. माझ्या डोक्यात फक्त मोबाईलवरचे उखाणे होते. जाऊबाई आल्यावर मला हे उमगले आणि उमगल्यावर मी काही बोलले नाही.

चौथ्या की पाचव्या बैठकीला त्यांनी चिठ्ठ्या उचलल्या. पहिली ‘शेवगा’. सगळ्या हसल्या, म्हणाल्या, घरचेच झाड आले. दुसरी ‘दार’. तिसरी त्यांनी उघडली आणि नुसती माझ्यासमोर धरली. तीवर ‘कुंकू’ लिहिलेले होते, आणि अक्षर माझे होते. घरातला शब्द म्हणून मी तो सहज लिहिला होता. लिहिताना कोण कोण बसले आहे हे मी पाहिले नव्हते.

मी म्हटले, ‘जाऊबाई, ठेवा ती, दुसरी उचला.’ त्या म्हणाल्या, ‘काहून? नियम सगळ्याइले सारखाच हाय न?’ आणि पाठ करून लिहीत बसल्या. चहा उकळून आटला, कोणी गॅस बंद केला नाही. मग त्यांनी वाचले,

माझ्या शेवग्याला शेंगा लागल्या शंभर,
न्यायला येते अवघी आळी, लावून आपले नंबर;
कुंकवाच्या दिवशी तेवढे चुकते माझे दार,
शेंगा नेणाऱ्या बायांनो, करा जरा विचार.

वाचताना त्यांचा आवाज हलला नाही, उलट शेवटी त्या थोड्या हसल्याच. हसलो नाही ते आम्ही. दाराशी बसलेल्या आजी तेवढ्या म्हणाल्या, ‘हे लिहून घे वं पोरी.’ मी वहीत लिहून घेतले. माझ्या वहीतले ते पान अजून तसेच आहे, त्यावर चहाचा डाग आहे.

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. आणि मग मला आपल्या गावाची आठवण झाली. म्हणजे काय, आपण गावातच राहतो, पण रोजच्या वाटेवरच्या गोष्टी आपल्याला दिसत नाहीत. महदंबेचे नाव आपण लहानपणापासून ऐकतो. मराठीची आद्य कवयित्री म्हणून ती ओळखली जाते. तिची कविता कशी झाली? गोविंदप्रभू येथे रिद्धपुरात राहत. आपला विवाह व्हावा असे त्यांच्या मनाने घेतले आणि भक्तांनी मोठ्या हौसेने त्या लग्नाचा थाट मांडला. लग्न म्हटले की वराची गाणी हवीत, त्यांना धवळे म्हणत. ती गाणी म्हणावयास महदंबेला सांगितले आणि तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तेथेच रचून म्हटले. उरलेला भाग पुढे सोबत्यांच्या आग्रहावरून रचला. म्हणजे पाहा, मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची कविता कोणी तरी विषय देऊन, समोर बसवूनच काढून घेतली! तिने मातृकी रुक्मिणीस्वयंवरही रचले. मातृका म्हणजे मुळाक्षरे. मुळाक्षरांच्या क्रमाने कडवी रचलेली. आपल्याला तीन चिठ्ठ्या येतात, तिने सबंध बाराखडीची चिठ्ठी उचलली होती म्हणा ना.

आणि ही महदंबा कोण होती? बालविधवा. लहानपणीच वैधव्य आलेली बाई. लग्नाची गाणी म्हणावयास रिद्धपुरात तिलाच बोलाविले. सातशेहून अधिक वर्षे झाली त्या गोष्टीला. श्रीचक्रधरांच्या परिवारात तिला प्रश्न विचारण्याची मोकळीक होती, आणि तिने विचारलेले पुष्कळ प्रश्न लीळाचरित्रात नोंदलेले आहेत. तिला त्या काळी कोणी म्हटले नाही की बाई, तू मागच्या दाराने जा. आणि त्याच गावात मी माझ्या जाऊबाईंचे दार ओलांडून पुढे जात होते.

हे सगळे नवे आहे असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात शासनाने पत्रक काढून दुसऱ्या गावांनाही हा कित्ता सांगितला. आपण ते टीव्हीवर पाहिले, चांगले झाले म्हटले आणि कपडे वाळत घालावयास गेलो. मीही गेले.

त्यानंतरच्या संक्रांतीला मी बोलावणे द्यायला निघाले तेव्हा पहिले दार जाऊबाईंचे वाजविले. त्यांनी मला पाहिले, हातातले कुंकवाचे पात्र पाहिले आणि म्हणाल्या, ‘मले कुंकू नको, पण बोलावणं पाहिजे.’ मी म्हटले, ‘बोलावणेच घेऊन आले आहे.’ त्या आल्या. पुढे सतरंजीवर बसल्या. त्यांनी तिळगूळ घेतला, वाण घेतले. कुंकू लावावयाचे की नाही हे ज्या त्या बाईने आपले आपण ठरवावे. आपण कोण लावणाऱ्या किंवा पुसणाऱ्या? आपल्याकडे फक्त बोलावणे असते, ते द्यावे.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. त्या वर्षी दोघीजणी कार्यक्रमाला आल्या नाहीत. एकीने सरळ तोंडावर सांगितले की तू अपशकुन केलास. तिच्याशी माझे बोलणे बंद नाही, भाजी निवडताना आम्ही अजून एकाच पायरीवर बसतो. दुसरी यंदा आली. आली ती जाऊबाईंच्याच शेजारी बसली आणि शेंगांची आमटी कशी करता म्हणून विचारू लागली. एवढ्यावरच मी समाधानी आहे.

आता शेवटचे. आपल्या गावात आता मराठी भाषेचे विद्यापीठ आले आहे, २०२४ साली त्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मोठे लोक आले, फटाके वाजले, आपणही दारापुढे रांगोळ्या काढल्या. विद्यापीठात आपण शिकू न शकू, आपल्या मुली शिकतील. पण एक काम आपल्याही हातचे आहे. म्हाइंभटांनी येथे रिद्धपुरात लीळाचरित्र लिहिले, शके १२०० च्या सुमारास. कसे लिहिले? ज्याला ज्याला जी आठवण होती ती त्याच्याकडे जाऊन विचारली आणि उतरवून घेतली. ‘लिहून घे वं पोरी’ असे आजी म्हणतात तेव्हा त्या याच गावची रीत सांगत असतात. आपल्या वहीत आज दोनशेच्या वर चौओळी झाल्या आहेत. काही पाचकळ आहेत, काहींची यमके लंगडी आहेत. राहू द्या. पिठासंगे उडून गेल्या नाहीत, हे काय थोडे झाले!

म्हणून अध्यक्षबाईंना आणि आपल्या सर्वांना माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, ही वही मंडळाच्या कपाटात राहावी, माझ्या घरी नको. जिला वाटेल तिने काढावी, वाचावी, भर घालावी. दुसरी विनंती अशी की येत्या संक्रांतीच्या पत्रिकेवर स्पर्धेच्या पुढे ‘फक्त सुवासिनींसाठी’ असे छापले जाते ते काढून टाकावे. नाव ज्यांना घ्यावयाचे त्यांनी जरूर घ्यावे, मीही घेणार आहे, आमच्या ह्यांना वाट पाहावयाची सवय झाली आहे! पण शेजारी एक डबा ठेवावा आणि त्यात चिठ्ठ्या असाव्यात. जिला नाव नाही तिने तीन शब्द उचलावे.

आणि हो, चिठ्ठ्या लिहिताना यंदा मी ‘कुंकू’ लिहावे की नाही, असे जाऊबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘लिही न. माह्याच हाती आली पाहिजे असं थोडंच हाय. तुह्या हाती आली तर पाहू, तू काय लिहितं ते.’

मी अजून विचार करते आहे. आपणही करा. चहा तयार आहे, तो घेऊन जा.